ट्रॅक्टरच्या स्टिअरिंगवरील हॉर्नच्या बटणाचे वायरिंग : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गोव्यातल्या पेडणे, डिचोली किंवा सत्तरी तालुक्यांच्या गावरस्त्यांवर ट्रॅक्टर चालवणाऱ्याला हॉर्नचे महत्त्व वेगळे सांगावे लागत नाही. दोन्ही बाजूंना चिऱ्यांचे गडगे, मध्ये जेमतेम एका वाहनाची रुंदी, काजूच्या झाडीआड गेलेले वळण आणि मागे भाताच्या पोत्यांनी भरलेली ट्रॉली असताना चाकावरचा हात न काढता हॉर्न वाजवता आला पाहिजे. स्वतःच्या आणि शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरांवर हे काम करताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा दिसली आहे. बटण बिघडले म्हणून जे ट्रॅक्टर समोर आले, त्यांतल्या बहुतेकांचे बटण चांगले होते आणि खोट होती ती विजेच्या प्रवाहाच्या परतीच्या वाटेत. म्हणून खालील उत्तरांमध्ये त्या वाटेचा विचार अधिक सविस्तर केला आहे.

स्टिअरिंगवरच्या बटणाला एकच वायर दिसते. एका वायरवर हॉर्न कसा वाजतो?

प्रवाहाला जाण्याची आणि येण्याची अशा दोन वाटा लागतातच. त्यांतली एक वाट ट्रॅक्टरच्या लोखंडी अंगाची असते, म्हणून ती वायरच्या रूपाने डोळ्यांना दिसत नाही. आजच्या ट्रॅक्टरांत बॅटरीचे ऋण टोक चासीला जोडलेले असते. हॉर्नच्या एका टोकाला फ्यूजमधून बॅटरीचे धन टोक जोडले जाते आणि दुसऱ्या टोकाची वायर स्टिअरिंगच्या मध्यावर असलेल्या बटणापर्यंत येते. बटण दाबले की ती वायर स्टिअरिंगच्या दांड्याला टेकते, दांड्यातून प्रवाह कॉलममध्ये (दांड्याभोवतीच्या स्थिर नळीत), कॉलममधून चासीत आणि चासीतून बॅटरीत परत जातो. याला बोलीत बटण अर्थिंग देते असे म्हणतात.

चाक फिरते आणि कॉलम स्थिर असतो. त्यामुळे ही एकुलती वायर फिरत्या भागापर्यंत नेण्यासाठी चाकाखाली पितळेची किंवा तांब्याची एक गोल कडी बसवलेली असते, जिला स्लिप रिंग म्हणतात, आणि तिच्यावर स्प्रिंगने दाबलेला ब्रश किंवा पितळी टोक घासत राहते. काही जुन्या रचनांमध्ये वायर पोकळ दांड्यातून खाली उतरते. चाकाचे झाकण उघडल्यावर आपल्याकडची रचना कोणती आहे ते लगेच कळते.

माझ्या ट्रॅक्टरचे बटण अर्थिंग देते की धन पुरवठा जोडते, हे कसे ओळखावे?

काम सुरू करण्यापूर्वी हे ओळखणे अत्यावश्यक आहे, कारण डॅशबोर्डवरची बटणे पुष्कळदा धन बाजूने जोडलेली असतात आणि तशा वायरला अर्थिंग दिले तर फ्यूज जातो. फ्यूज नसेल तर वायर जळते. एका शेजाऱ्याच्या ट्रॅक्टरवर आधीच्या कारागिराने फ्यूज काढून तिथे तांब्याची तार गुंडाळली होती. ती मला दिसण्याआधीच मी वायर चासीला टेकवून पाहिली आणि डॅशबोर्डखालची अर्धा मीटर वायर धुमसून गेली. तेव्हापासून वायर टेकवून पाहण्याआधी मी नेहमी मीटर लावतो.

मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवावा, काळी पिन बॅटरीच्या ऋण टोकावर आणि लाल पिन बटणाच्या वायरवर धरावी. किल्ली चालू असताना साधारण १२ व्होल्ट दिसले की हॉर्नवरील वायर काढून ठेवावी, आणि रिले (थोड्या प्रवाहाने हॉर्नचा मोठा प्रवाह चालू-बंद करणारा विजेवर चालणारा स्विच) असेल तर तोही उपसून ठेवावा. आता बटणाच्या वायरवरचे व्होल्ट नाहीसे झाले तर तो पुरवठा हॉर्नमधून किंवा रिलेच्या गुंडाळीतून येत होता, म्हणजे बटण अर्थिंग देणारे आहे. व्होल्ट तसेच राहिले तर ती थेट फ्यूजकडून आलेली धन वायर आहे. वायरच्या रंगावर विसंबू नये. दहा वर्षे वापरलेल्या ट्रॅक्टरात कोणी ना कोणी वेगळ्या रंगाचा तुकडा मध्ये जोडलेला असतोच.

रिले खरोखर आवश्यक आहे का? पूर्वी तर हॉर्न थेट बटणावरच चालत असत.

चालत असत, आणि नवीन, कोरड्या ट्रॅक्टरवर आजही चालतील. तरीही माझा सल्ला रिले बसवावा असाच आहे, आणि त्यामागचा हिशेब समजून घेण्यासारखा आहे.

१२ व्होल्टचा एक साधा ताटलीसारखा हॉर्न सुमारे ४ अँपिअर प्रवाह घेतो, म्हणजे त्याचा अडथळा साधारण ३ ओहम धरता येईल. आता स्टिअरिंगचा दांडा, बुश, ग्रीस आणि गंजलेले बोल्ट मिळून परतीच्या वाटेत केवळ १ ओहमचा अडथळा निर्माण झाला, तर एकूण अडथळा ४ ओहम होतो, प्रवाह ३ अँपिअरवर येतो आणि हॉर्नला १२ ऐवजी ९ व्होल्टच मिळतात. तो घोगरा वाजतो किंवा नुसता गुरगुरतो. शिवाय हॉर्नच्या आत विद्युतचुंबक असल्यामुळे बटण सोडताना प्रत्येक वेळी ठिणगी उडते आणि बटणाच्या टेकणाऱ्या बिंदूंवर काळा थर चढत जातो. तो थर अडथळा वाढवतो आणि वाढलेला अडथळा बिंदूंना अधिक तापवतो.

रिले बसवल्यावर बटणातून हॉर्नचा प्रवाह जात नाही, फक्त रिलेच्या गुंडाळीचा जातो. १२ व्होल्टच्या मोटारींत वापरल्या जाणाऱ्या नेहमीच्या रिलेची गुंडाळी साधारण ८० ओहमची असते, म्हणून तिला ०.१५ अँपिअर पुरतो. आता परतीच्या वाटेत १ नव्हे, तर १० ओहमचा अडथळा आला तरी गुंडाळीच्या वाट्याला साडेदहा व्होल्टपेक्षा अधिक येतात आणि रिले बिनचूक ओढला जातो. ज्या वाटेने हॉर्न गुदमरत होता, तीच वाट रिलेला पुरेशी होते. खाऱ्या आणि दमट हवेत सगळे सांधे कायम चकचकीत ठेवणे कोणालाच शक्य नसल्यामुळे गोव्यातल्या ट्रॅक्टरला रिलेची गरज कोरड्या मुलखातल्या ट्रॅक्टरपेक्षा जास्त आहे असे माझे ठाम मत आहे.

रिलेच्या चार टोकांना काय जोडायचे?

रिलेच्या तळाशी ३०, ८७, ८५ आणि ८६ असे आकडे छापलेले असतात. ३० या टोकाला बॅटरीच्या धन टोकाकडून फ्यूजमार्गे आलेली जाड वायर जोडावी आणि ८७ पासून जाड वायर हॉर्नच्या एका टोकाला न्यावी. हॉर्नच्या दुसऱ्या टोकापासून तितकीच जाड वायर चासीवरच्या खरवडून स्वच्छ केलेल्या जागी घट्ट बोल्टने बसवावी. हॉर्न ज्या पट्टीवर बसतो ती पट्टी अर्थिंग देईल असे गृहीत धरू नये, कारण ती रंगवलेली असते. गुंडाळीच्या ८६ या टोकाला किल्लीतून येणारा धन पुरवठा द्यावा आणि ८५ पासून बारीक वायर स्टिअरिंगच्या ब्रशपर्यंत न्यावी. काही रिलेंच्या आत डायोड असतो, त्यांत ८६ धन आणि ८५ ऋण हा क्रम उलटा चालत नाही.

८६ ला पुरवठा किल्लीतूनच द्यावा, थेट बॅटरीवरून देऊ नये असे मी सुचवतो. अंगणात उभ्या ट्रॅक्टरवर मुले चढतात, आणि पाणी शिरून स्लिप रिंग चिकटली तर रात्रभर हॉर्न वाजून बॅटरी उतरू शकते.

पाच टोकांचा रिले मिळाला तर ८७ए हे मधले टोक मोकळे सोडावे. त्याला चुकून हॉर्न जोडल्यास किल्ली फिरवण्यापूर्वीच हॉर्न वाजू लागतो.

वायर किती जाडीची आणि फ्यूज किती अँपिअरचा घ्यावा?

एका हॉर्नसाठी १.५ चौरस मिलिमीटरची बहुतारी वायर आणि १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. जाड आणि बारीक आवाजाची जोडी बसवायची असेल तर प्रवाह ८ ते १० अँपिअरपर्यंत जातो, तेव्हा २.५ चौरस मिलिमीटरची वायर आणि १५ अँपिअरचा फ्यूज घ्यावा. बटणाकडच्या वायरीला ०.७५ किंवा १ चौरस मिलिमीटर जाडी पुष्कळ झाली. घरगुती वायरिंगची एकतारी, कडक वायर ट्रॅक्टरवर वापरू नये, कारण इंजिनाच्या थरथरीने ती सांध्याजवळ तुटते.

फ्यूज बॅटरीपासून जितका जवळ ठेवता येईल तितका ठेवावा. बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर कुठे घासून चासीला टेकली तर तिला वाचवणारे काहीच नसते. पत्र्यातून वायर जिथे आरपार जाते तिथे रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसणारे कडे) बसवावा. वायर सायलेन्सरपासून दूर आणि क्लच, ब्रेकच्या दांड्यांच्या हालचालीच्या बाहेर बांधावी.

स्टिअरिंगचे चाक काढताना कोणती काळजी घ्यावी?

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करून हातब्रेक लावावा, किल्ली काढून घ्यावी आणि बॅटरीचे ऋण टोक आधी सोडवावे. धन टोक आधी सोडवताना पाना चासीला टेकला तर मोठी ठिणगी उडते, आणि चार्जिंग नुकते झालेले असेल तर बॅटरीभोवती हायड्रोजन वायू असू शकतो. मधले झाकण काढल्यावर चाक आणि दांडा या दोहोंवर रेघ मारून खूण करून ठेवावी, म्हणजे चाक पुन्हा त्याच स्थितीत बसवता येते. नट पूर्ण न काढता दोन-तीन आट्यांवर ठेवावा आणि पुलरने (चाक ओढून काढण्याच्या अवजाराने) चाक सैल करावे. चाक एकदम सुटून तोंडावर येते, तेव्हा तोच नट ते अडवतो. दांड्यावर हातोडा मारणे टाळावे, कारण त्याने आटे चेपतात आणि खालच्या बेअरिंगला धक्का बसतो. परत बसवताना नट ट्रॅक्टरच्या माहितीपुस्तिकेत दिलेल्या जोरानेच आवळावा. या एका नटावर संपूर्ण स्टिअरिंग अवलंबून आहे, म्हणून पुलर किंवा योग्य पाना जवळ नसेल तर हा भाग मेकॅनिककडूनच करून घ्यावा.

स्लिप रिंग आणि ब्रश तपासताना काय पाहावे?

कडीवर ब्रशची घासलेली रेघ सगळीकडे सारखी आहे का ते पाहावे. रेघ एका बाजूला ठळक आणि दुसऱ्या बाजूला पुसट असेल तर कडी मध्यावर बसलेली नाही, आणि चाक काही ठरावीक कोनात असतानाच हॉर्न न वाजण्याचे कारण तेच असते. कडीवरचा काळा थर बारीक पॉलिश पेपरने हलकेच काढून कोरड्या कापडाने पुसावा. ब्रशची स्प्रिंग बोटाने दाबल्यावर जोराने वर आली पाहिजे. कडीखालची फायबरची चकती तडकली असेल तर कडी दांड्याला टेकते आणि हॉर्न सतत वाजतो. चासीला मारतो ते घट्ट ग्रीस इथे भरू नये, कारण त्यात धूळ आणि पितळेची भुकटी साठून चिकट लगदा तयार होतो.

पॉवर स्टिअरिंगच्या ट्रॅक्टरवर सगळे नवीन बसवले, तरी हॉर्न कधी वाजतो, कधी नाही. असे का?

इथे परतीची वाट तपासावी. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगमध्ये चाकाचा दांडा खाली तेलाच्या युनिटमध्ये संपतो आणि कॉलमला धक्के कमी बसावेत म्हणून काही ठिकाणी तो रबरी बुशांवर बसवलेला असतो. रबर वीज वाहून नेत नाही आणि तेलाचा पातळ थरही तिला अडवतो. त्यामुळे दांडा चासीला कधी चांगला टेकतो, तर कधी अर्धवट.

तपासण्यासाठी मल्टिमीटर ओहमवर ठेवून एक पिन दांड्याच्या टोकावरच्या स्वच्छ धातूवर आणि दुसरी बॅटरीच्या सोडवून ठेवलेल्या ऋण केबलच्या टोकावर धरावी आणि सोबत्याला चाक हळूहळू फिरवायला सांगावे. आकडा १ ओहमच्या खाली स्थिर राहिला तर वाट उत्तम आहे. तो उड्या मारू लागला तर आधी कॉलमच्या लोखंडी नळीपासून चासीपर्यंत विणलेल्या तांब्याची पट्टी बोल्टने बसवावी, दोन्ही टोकांखालचा रंग खरवडून. एवढ्याने पुष्कळ ट्रॅक्टर सुधारतात. तरीही आकडा अस्थिर असेल तर खोट दांडा आणि नळी यांच्यामधल्या बेअरिंगात आहे, आणि तिथे दांड्यावरच घासणारा दुसरा एक ब्रश बसवून त्याची वायर चासीला द्यावी लागते.

बटण दाबल्यावर रिलेचा टक असा आवाज येतो, पण हॉर्न वाजत नाही.

मग बटण, स्लिप रिंग आणि दांडा हे सगळे निर्दोष आहे आणि तिथे पुन्हा हात घालण्याचे कारण नाही. बिघाड जाड वायरींच्या बाजूला आहे. सोबत्याला बटण दाबून धरायला सांगून हॉर्नच्या दोन टोकांमध्ये व्होल्ट मोजावेत. ते बॅटरीइतके, म्हणजे १२ च्या आसपास, असतील तर हॉर्न निकामी आहे. ते बरेच कमी असतील तर बटण दाबलेले असतानाच बॅटरीचे ऋण टोक आणि हॉर्नचे अर्थिंग टोक यांच्यामध्ये मोजावे. तिथे अर्धा व्होल्ट किंवा अधिक दिसला तर अर्थिंगचा बोल्ट उघडून साफ करावा. तिथे काही न दिसल्यास फ्यूज होल्डर आणि रिलेचे ३० व ८७ ही टोके पाहावीत. पावसाळ्यानंतर फ्यूज होल्डरच्या पट्ट्यांवर हिरवा गंज हमखास सापडतो.

टक आवाजही येत नसेल, तर अर्थिंग देणाऱ्या रचनेत ८५ ची वायर कॉलमच्या तळाशी सोडवून स्वच्छ चासीला क्षणभर टेकवावी. हॉर्न वाजला तर दोष त्या जागेच्या वर, चाकाकडे आहे, आणि न वाजल्यास खाली आहे. एका कृतीत अर्धे काम बाजूला पडते.

वळण घेताना हॉर्न आपोआप वाजतो. काय करावे?

बारीक वायरीचे आवरण घासून उघडी तार कॉलमला टेकत आहे, आणि ट्रॅक्टरच्या दृष्टीने ते बटण दाबल्यासारखेच आहे. वाटेत असाल तर रिले उपसून ठेवावा आणि घरी आल्यावर वायर पूर्ण बदलावी. चिकटपट्टी गुंडाळून केलेली दुरुस्ती चिखलणीच्या एका दिवसात सुटते.

खाजन शेतीत आणि पावसाळ्यात हे वायरिंग कसे टिकवावे?

गोव्यात वर्षाला सुमारे ३,००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो. नेमक्या याच काळात सरदाच्या, म्हणजे पावसाळी, भातासाठी चिखलणी चालू असते आणि लोखंडी केज व्हील (चिखलात चालण्यासाठीचे पिंजऱ्यासारखे चाक) लावलेला ट्रॅक्टर स्वतःवरच चिखल उडवत असतो. खाजन, म्हणजे खाडीकाठी बांध घालून राखलेल्या सखल जमिनीतला चिखल खारा असतो. कोरगुटसारखे भात ते मीठ सोसते, तांबे सोसत नाही. ओलावा आणि मीठ एकत्र आले की तांब्याच्या तारा आवरणाच्या आतून काही सेंटिमीटरपर्यंत काळ्या पडतात, आणि वायर बाहेरून धडधाकट दिसत असतानाच आतून संपलेली असते.

म्हणून सांधे पिळून चिकटपट्टी लावण्याऐवजी थिंबल (वायरीच्या टोकावर बसणारी धातूची टोपी) योग्य पक्कडीने दाबून बसवावे आणि आतून चिकट लेप असलेली, उष्णतेने आक्रसणारी स्लीव्ह त्यावर चढवावी. शक्य असेल तिथे कथिलाचा मुलामा दिलेली, होड्यांसाठी वापरतात ती वायर घ्यावी. किनारपट्टीच्या शेतीला ती महाग म्हणून टाळू नये. रिले आणि फ्यूज बॉनेटखाली उंचावर, टोके खाली करून बसवावेत, म्हणजे वायरीवरून ओघळणारे पाणी आत न जाता खाली ठिबकते. शंखाच्या आकाराच्या हॉर्नचे तोंड खाली वळवावे, नाहीतर त्यात पाणी साचते. फेरीबोटीने दिवाडी किंवा चोडण बेटावर ट्रॅक्टर ने-आण करणाऱ्यांनी आणि खाजनात काम करणाऱ्यांनी संध्याकाळी गोड्या पाण्याने ट्रॅक्टर धुवावा, मात्र स्टिअरिंगच्या मध्यावर जोराचा फवारा मारू नये. बॅटरीच्या टोकांना व्हॅसलीन लावण्याची जुनी पद्धत चांगली आहे आणि ती अर्थिंगच्या बोल्टालाही लागू करावी, अर्थात तो घट्ट आवळून झाल्यावर.

स्लिप रिंगचे सुटे भाग मिळत नाहीत. चाकाभोवती वायर गुंडाळून बटणापर्यंत नेली तर चालेल का?

चालणार नाही. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवताना चाकाचे अनेक फेरे होतात, वायर दांड्याभोवती आवळली जाते आणि ती तुटेपर्यंत चाक जड होऊ शकते. म्हापशाच्या किंवा फोंड्याच्या बाजारात शोधूनही भाग मिळाला नाही, तर डॅशबोर्डवर डाव्या हाताशी पाणी न शिरणारे दाब-बटण बसवून त्याची एक वायर ८५ ला आणि दुसरी चासीला द्यावी. रिले तोच, बाकीचे वायरिंगही तेच राहते आणि पुढे भाग मिळाल्यावर फक्त एक वायर हलवावी लागते. हात चाकावरून क्षणभर काढावा लागतो, ही त्यातली उणीव मान्य करावी लागेल.

ट्रॅक्टरला कोणताही हॉर्न बसवता येतो का?

नाही. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ११९ कृषी ट्रॅक्टरलाही लागू आहे. हॉर्न विहित भारतीय मानकाप्रमाणे असावा लागतो आणि एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारे किंवा कर्कश हॉर्न बसवण्यास मनाई आहे. रुग्णालये, शाळा आणि न्यायालये यांच्याभोवती जाहीर झालेल्या शांतता क्षेत्रात, तसेच निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, सार्वजनिक आणीबाणीचा प्रसंग वगळता हॉर्न वाजवता येत नाही.

नवीन वायरिंगनंतरही आवाज घोगरा आहे. हॉर्न बदलावा का?

आधी हॉर्नच्या टोकांवरचे व्होल्ट वर सांगितल्याप्रमाणे मोजावेत. ते पुरेसे असतील तर बहुतेक ताटली हॉर्नच्या मागे एक लहान स्क्रू असतो, तो आतल्या पडद्याच्या संपर्कबिंदूंचे अंतर ठरवतो. इंजिन चालू ठेवून, म्हणजे बॅटरीवर १३.८ ते १४.४ व्होल्ट असताना, सोबत्याला हॉर्न थोडा थोडा वाजवायला सांगून हा स्क्रू एका वेळी पाव फेऱ्याहून कमी फिरवावा. आवाज मोकळा झाला की तिथेच थांबावे आणि स्क्रूच्या डोक्यावर रंगाचा किंवा लाखेचा थेंब सोडावा, म्हणजे थरथरीने तो हलणार नाही.